पथ्य पाळूनही

मधुमेह झालाय असं कळलं की पहिले प्रश्न येतात ते वागण्याबद्दल. गोड किती खाता, चालायला जाता का, रात्री जेवता कधी, ताण घेता का. डॉक्टर विचारतात, घरचे विचारतात, आणि काही दिवसांनी आपणच स्वतःला विचारायला लागतो. पुष्कळांना या प्रश्नांचा उपयोग होतो, त्यातून आकडे खाली येतात. पण ज्या मधुमेहाबद्दल मला लिहायचंय, त्यात उत्तरं कितीही चांगली दिली तरी साखर वाढतच जाते. आणि ती वाढली की संशय येतो तो उत्तरं देणाऱ्यावर.

हा मधुमेह प्रौढ वयात येतो, सावकाश येतो आणि येताना हुबेहूब टाइप 2 सारखा दिसतो. मुळात मात्र तो स्वयंप्रतिकाराचा, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार आहे, टाइप 1 च्या कुळातला. ‘लेटन्ट ऑटोइम्यून डायबेटिस इन ॲडल्ट्स’ असं त्याचं लांबलचक नाव. डॉक्टर आद्याक्षरं जोडून त्याला ‘लाडा’ म्हणतात. मला तो आहे.

माझी हकिगत अगदी ठरावीक आहे, म्हणूनच सांगते. चाळिशी उलटली होती. अंगकाठी आधीपासून बारीक. नेहमीच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर 126 च्या पुढे निघाली, पुन्हा रक्त दिलं तरी पुढेच. वय पाहून कागदावर ‘टाइप 2’ लिहिलं गेलं आणि मेटफॉर्मिन सुरू झालं. सुरुवातीला आकडे छान उतरले. मग आधी जेवणानंतरची साखर चढली, मागोमाग उपाशीपोटीची. ग्लिमेपिराइड आलं, त्याचा डोस वाढला, मग तिसरी गोळी आली. दर भेटीत एकच प्रश्न: ‘पथ्य पाळताय ना?’ पाळत होते. ताटातून एकेक पदार्थ निघून गेला होता. वजनही उतरत होतं आणि त्याचं सगळीकडून कौतुक होत होतं. ‘छान बारीक झालीस, आता साखरही येईल खाली.’ इन्शुलिन कमी पडलं की शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू वापरायला घेतं. तेव्हा हे उतरणारं वजन मेहनतीचं फळ नसून इन्शुलिन संपत चालल्याची खूण असू शकतं, हे त्या कौतुकाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात येणार?

पुढे डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी माझी फाइल वाचली आणि खाण्यापिण्याविषयी काहीच न विचारता म्हणाल्या, ‘ही थायरॉइडची गोळी तुम्ही कधीपासून घेताय?’ मधुमेहाच्या कितीतरी आधीपासून, मी सांगितलं. घरात आणखी कुणाला थायरॉइड, अंगावर पांढरे डाग, संधिवात? आईला थायरॉइड होतं. त्यांनी दोन तपासण्या लिहून दिल्या, गॅड अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड. पहिली ठळक पॉझिटिव्ह आली, दुसरी खालच्या बाजूला झुकलेली. मधुमेहाबद्दल माझ्या वागण्याऐवजी माझ्या शरीराला कुणीतरी प्रश्न विचारला, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

शरीरात चाललेलं असतं ते असं. स्वादुपिंडात पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. पाउल लांगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं 1869 मध्ये बर्लिनला त्यांचं वर्णन केलं. त्यांचं काम काय हे मात्र त्याला सांगता आलं नव्हतं. त्या पुंजक्यांतल्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात. स्वयंप्रतिकाराच्या मधुमेहात आपल्याच रक्तातल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, या बीटा पेशींना परक्या समजून नष्ट करत राहतात. लहान मुलांत हा नाश बहुधा वेगानं होतो. मूल काही आठवड्यांत वाळतं, सारखं पाणी मागतं, कधी बेशुद्धीपर्यंत जातं. प्रौढांत तोच नाश वर्षानुवर्षं चालू शकतो. उरलेल्या पेशी भार उचलत राहतात, त्यामुळे सुरुवातीला गोळ्यांवर भागतं. आणि गोळ्यांवर भागतंय म्हणजे टाइप 2 असणार, अशी सगळ्यांची खात्री पटते.

या नाशाचा माग रक्तात सापडतो. गॅड, म्हणजे ग्लुटामिक ॲसिड डिकार्बोक्सिलेज, हे एक विकर आहे. मेंदूत ते गाबा नावाचं शामक रसायन बनवायला लागतं, आणि बीटा पेशींतही ते असतं. त्याच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं, म्हणजेच अँटिबॉडी, तयार झालेली दिसली की स्वयंप्रतिकार चालू आहे असं समजतं. पेशी मारण्याचं मुख्य काम ही प्रतिपिंडं करत नाहीत. ते टी पेशींचं काम. प्रतिपिंडं फक्त बातमी देतात. पण प्रौढांच्या बाबतीत ही बातमी बहुतेक वेळा एकट्या गॅडकडूनच येते. युरोपात झालेल्या एका मोठ्या पाहणीत प्रौढपणी मधुमेह झालेल्यांपैकी साधारण दहात एकाला अशी प्रतिपिंडं सापडली, आणि त्यांच्यातल्या फार मोठ्या बहुमताला गॅडचीच होती. सगळीकडे हे प्रमाण एवढं नसतं; वेगवेगळ्या लोकसमूहांत ते 2 ते 12 टक्क्यांच्या दरम्यान धरलं जातं.

माझ्या थायरॉइडचं आणि साखरेचं नातं कुणी जोडलं नाही याचं मला आधी नुसतं वाईट वाटायचं. या आजाराचा इतिहास वाचल्यावर मात्र चीड आली. 1956 मध्ये लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिअक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोटोच्या थायरॉइड आजारात रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडं असतात हे दाखवलं. स्वतःचं शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उठू शकतं, हे त्या काळी पचायला जड होतं. पुढे 1974 मध्ये त्याच डोनिअक, जान फ्रांको बोताझ्झो आणि एका सहकाऱ्यासोबत, मधुमेही रुग्णांच्या रक्तात स्वादुपिंडातल्या त्या पुंजक्यांविरुद्धची प्रतिपिंडं शोधतात. आणि कोणते रुग्ण? ज्यांना मधुमेहाबरोबर इतर ग्रंथींचे स्वयंप्रतिकाराचे आजारही होते, ते. म्हणजे या शोधाचा दरवाजा उघडला तोच थायरॉइडसारख्या आजारांच्या बाजूनं. इतकी दशकं उलटली तरी एकाच बाईच्या दोन गोळ्या दोन वेगळ्या फायलींत पडून राहतात. थायरॉइडवाले थायरॉइड बघतात, शुगरवाले शुगर.

पुढची गोष्टही लांबत गेलेली आहे. 1977 मध्ये एडिंबरोच्या अर्व्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गोळ्यांवर असलेल्या काही मधुमेहींतही ही प्रतिपिंडं दिसली, आणि त्यांच्यावरच गोळ्या जास्त करून निकामी ठरत होत्या. 1986 मध्ये लेइफ ग्रूप या संशोधकांनी बोताझ्झो आणि डोनिअक यांच्याबरोबर दाखवलं की निदानाच्या वेळी 35 ते 75 वर्षांच्या असलेल्या रुग्णांतही या खुणेवरून दडलेला टाइप 1 ओळखता येतो. 1990 मध्ये या प्रतिपिंडांचं एक मुख्य लक्ष्य गॅड आहे हे समजलं आणि तपासणी सोपी झाली. ‘लेटन्ट ऑटोइम्यून’ हे शब्द 1993 मध्ये तीनामाइया तुओमी, पॉल झिमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधातून रूढ झाले. मग 1997 मध्ये ब्रिटनच्या मोठ्या मधुमेह अभ्यासातून, यूकेपीडीएसमधून, आकडे बाहेर आले. टाइप 2 म्हणून निदान झालेल्या 25 ते 34 वयोगटातल्या 34 टक्के लोकांना गॅडची प्रतिपिंडं होती. 55 ते 65 वयोगटात हेच प्रमाण 7 टक्के होतं. पस्तिशीच्या आत निदान झालेल्या आणि ही प्रतिपिंडं असलेल्यांपैकी 84 टक्क्यांना सहा वर्षांच्या आत इन्शुलिन लागलं. प्रतिपिंडं नसलेल्यांत हा आकडा 14 टक्के. या दोन आकड्यांमधली दरी मी अनेकदा पाहिली आहे. एका रक्ततपासणीनं इतकं पुढचं दिसत असेल, तर ती तपासणी करायचं सुचणं हेच खरं निदान.

आणि ते सुचत नाही, कारण टाइप 1 हा लहान मुलांचा आजार अशी समजूत घट्ट बसली आहे. मधुमेहाचे दोन प्रकार वागणुकीत वेगळे आहेत हे 1936 मध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी इन्शुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादावरून दाखवलं होतं. पण रोजच्या व्यवहारात डॉक्टर प्रतिसाद मोजत बसत नाहीत, वय बघतात. ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या जनुकीय माहितीवरून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साठीपर्यंत होणाऱ्या टाइप 1 पैकी सुमारे 42 टक्के तिशीनंतर होतो असं दिसलं. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात, तिशीनंतर हा आजार झालेल्या आणि शरीरातलं इन्शुलिन जवळपास संपलेल्या लोकांपैकी 38 टक्क्यांना निदानाच्या वेळी इन्शुलिन दिलंच गेलं नव्हतं. थेरेसा मे ब्रिटनच्या गृहमंत्री असताना, वयाच्या 56 व्या वर्षी, त्यांनाही आधी टाइप 2 आहे असंच सांगितलं गेलं. गोळ्या चालल्या नाहीत तेव्हा पुन्हा तपासण्या झाल्या आणि टाइप 1 निघाला. पुढे त्या दिवसाला चार-पाच इंजेक्शनं घेत पंतप्रधान झाल्या. वैद्यकीय सोयीची कसलीच वानवा नसलेल्या माणसाबाबत हे घडतं, तेव्हा दोष एखाद्या दवाखान्याचा उरत नाही. वय हीच पहिली खूण धरायची, या सवयीचा तो दोष आहे.

सी-पेप्टाइडबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ही तपासणी समजली तेव्हा मला माझा आजार समजला. बीटा पेशी थेट इन्शुलिन बनवत नाहीत. आधी प्रोइन्शुलिन नावाचा लांब रेणू बनतो. डोनल्ड स्टायनर यांनी तो 1967 मध्ये ओळखला. तो तुटतो तेव्हा एका बाजूला इन्शुलिन निघतं आणि मधला जोडतुकडा सुटा होतो. तो जोडतुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. इन्शुलिनच्या प्रत्येक रेणूमागे एक. शेंगा सोलून दाणे खाऊन टाकले तरी टरफलं मोजून शेंगा किती होत्या ते सांगता येतं, तसं हे आहे. बाहेरून घेतलेल्या इन्शुलिनबरोबर हे टरफल येत नाही, त्यामुळे इंजेक्शनं चालू असली तरी शरीराचं स्वतःचं उत्पादन किती हे कळतं. 2020 मध्ये या आजाराच्या जाणकारांनी एकत्र बसून जे मार्गदर्शन ठरवलं, त्यात उपचाराचा पाया हाच आकडा आहे. तो 0.3 नॅनोमोल प्रतिलिटरच्या खाली असेल, म्हणजे साधारण 0.9 नॅनोग्रॅम प्रतिमिलीलिटर, तर टाइप 1 सारखं पूर्ण इन्शुलिन. 0.7 च्या वर असेल, म्हणजे 2.1 नॅनोग्रॅमच्या आसपास, तर काही बदल करून टाइप 2 सारखे उपचार, पण आकड्यावर सतत लक्ष. मधला पट्टा करडा. माझा पहिला आकडा त्या करड्या पट्ट्यात, खालच्या काठाजवळ होता.

या पट्ट्यात राहणं मनाला अवघड जातं. आज पुरतंय, उद्याचं सांगता येत नाही. पण त्याच पट्ट्यात सर्वांत जास्त काही करताही येतं. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या डीसीसीटी या टाइप 1 वरच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्या शरीरात थोडंसं जरी स्वतःचं इन्शुलिन शिल्लक होतं, त्यांना साखर धोकादायक खाली जाण्याचे झटके कमी आले आणि डोळ्यांचं नुकसानही कमी झालं. शिल्लक थोडीच असली तरी ती जपायला हवी, ती यासाठी. म्हणूनच सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या, ज्यांत ग्लिमेपिराइडही आलं, या आजारात टाळायला सांगतात. त्या उरलेल्या बीटा पेशींना जास्त इन्शुलिन सोडायला भाग पाडतात. जपानमध्ये, जिथे या आजाराला ‘सावकाश वाढणारा इन्शुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह’ असं सरळ म्हणतात, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तोक्यो अभ्यासात सुरुवातीपासून थोडं इन्शुलिन घेतलेल्यांची तुलना या गोळ्या घेतलेल्यांशी केली. इन्शुलिनवाल्यांची शिल्लक जास्त काळ टिकली, विशेषतः ज्यांच्याकडे सुरुवातीला बऱ्यापैकी शिल्लक होती त्यांची. माझ्या त्या गोळीचा डोस मोठ्या काळजीनं वाढवला गेला होता. कुणाच्याही हेतूत खोट नव्हती. कागदावर आजाराचं नाव चुकीचं होतं आणि औषध त्या नावाला दिलं जात होतं.

ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांबद्दलही सांगायलाच हवं. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा होतो, म्हणून त्या आज सर्रास लिहिल्या जातात. शरीरात इन्शुलिन फार कमी असताना मात्र त्यांच्यामुळे कीटोॲसिडोसिस, म्हणजे चरबी जळून बनणारे कीटोन रक्तात साठणं, होऊ शकतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. ग्लुकोमीटर बघून माणूस निर्धास्त राहतो आणि आतून रक्त आम्ल होत जातं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल श्वास असं काही असेल तर आकडा बरा दिसला तरी कीटोन तपासायचे. ज्याच्या मधुमेहाचं खरं नाव कुणाला माहीत नाही, त्याला हे सांगणार कोण?

इन्शुलिनची भीती मलाही होती. टाइप 2 असलेल्या माणसाला इन्शुलिन बरेचदा धमकीसारखं सांगितलं जातं: गोळ्या नीट घ्या, पथ्य करा, नाहीतर इंजेक्शनवर यावं लागेल. त्यामुळे इंजेक्शन म्हणजे शिक्षा, इंजेक्शन म्हणजे हार, हे डोक्यात पक्कं बसतं. मला ज्या दिवशी ते सुरू झालं त्या दिवशी घरात सुतकी चेहरे होते. मला मात्र पंधरवड्यात जिन्यावर दम लागेनासा झाला, रात्री उठणं थांबलं, वजन परत भरू लागलं, आणि ताटातून घालवलेले बरेचसे पदार्थ मापानं परत आले. जे शरीरात बनत नाही ते बाहेरून द्यायचं, यात हार कुठे आहे? थायरॉइडच्या गोळीला तर कुणी हार म्हणत नाही.

या आजाराच्या नावावरून तज्ज्ञांत अजून एकमत नाही. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेच्या वर्गीकरणात तो टाइप 1 मध्येच धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 च्या वर्गीकरणात त्याला मिश्र प्रकारांत, ‘सावकाश वाढणारा प्रतिकारजन्य मधुमेह’ म्हणून वेगळं ठेवलं. जनुकंही दोन्हीकडची सापडतात: टाइप 1 शी जोडलेली एचएलए गटातली, आणि टाइप 2 शी जोडलेलं टीसीएफ7एल2 सुद्धा. काहींना इन्शुलिन कमी पडतं आणि जे आहे त्याला शरीर दादही देत नाही. व्याख्येतली एक अट मला कधीच पटली नाही. वय तिशीच्या पुढे, प्रतिपिंडं पॉझिटिव्ह आणि निदानानंतर किमान सहा महिने इन्शुलिनची गरज नसणं, अशा तीन अटी रूढ आहेत. यातली तिसरी अट आजार ठरवत नाही, डॉक्टर ठरवतात. एकाच रुग्णाला एक डॉक्टर महिनाभरात इन्शुलिन देईल, दुसरा वर्षभर गोळ्यांवर ओढेल. तेवढ्यानं आजाराचा प्रकार बदलतो का?

मग सगळ्यांचीच तपासणी करावी का? तसंही नाही, आणि हे पॉझिटिव्ह अहवाल हातात असलेल्या मला समजून घ्यायला वेळ लागला. समजा एखादी चाचणी शंभर निरोगी लोकांपैकी फक्त एकाला चुकून पॉझिटिव्ह दाखवते. चाचणी उत्तमच म्हणायची. आता असे हजार लोक घ्या, ज्यांतल्या दहांनाच खरा आजार आहे. चाचणी ते दहा पकडेल, आणि उरलेल्यांतून जवळपास तेवढेच निर्दोष लोकही पकडेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांतला दर दुसरा माणूस विनाकारण हादरेल. वजन जास्त, वय साठीचं, घरात टाइप 2 चा इतिहास आणि प्रतिपिंडं किंचित वर, अशा माणसाच्या अहवालावर घाईनं शिक्का मारू नये. प्रतिपिंडांची पातळी जितकी चढी तितका आजार टाइप 1 च्या बाजूचा. ऑस्ट्रेलियातल्या फोर्लानोस आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पाच साध्या खुणा सांगितल्या: निदान पन्नाशीच्या आत, सुरुवातीलाच खूप तहान-लघवी-वजन उतरणं अशी लक्षणं, बॉडी मास इंडेक्स 25 च्या खाली, स्वतःला दुसरा एखादा स्वयंप्रतिकाराचा आजार, किंवा घरात तसा इतिहास. यांतल्या दोन असल्या तरी तपासणी करण्यासारखी. मला पहिल्या दिवसापासून चार होत्या. पाचही गोष्टी विचारायला खर्च येत नाही.

अहवाल पॉझिटिव्ह आला तेव्हा मला सर्वांत आधी काय वाटलं असेल तर सुटका. म्हणजे हे माझ्यामुळे झालेलं नव्हतं. इतक्या दिवसांचं ते पथ्य, ते चोरट्यासारखं जेवणं, एखादा घास जास्त झाला म्हणून रात्री जागणं, या सगळ्याचा संबंध नव्हता. पण त्या सुटकेचा पुढचा भाग मला आवडेना. मी सुटले, म्हणजे उरलेले दोषी का? ज्यांना खरोखर टाइप 2 आहे, त्यांनी तो ओढवून घेतला असं मी मनातल्या मनात मान्य केलं होतं का? टाइप 2 आनुवंशिकतेनं येतो, वयानं येतो, गरोदरपणानं, काही औषधांनी, शरीरात चरबी कुठे साठते यानं येतो. यांतलं फारच थोडं माणसाच्या हातात असतं. त्यांच्याही बीटा पेशी वर्षांमागून वर्षं थकत जातात, आणि त्यांनाही पथ्य पाळूनही एक दिवस इन्शुलिन लागू शकतं. ‘पथ्य पाळताय ना?’ हा प्रश्न मला जितका लागला, तितकाच त्यांना लागतो. मला अँटिबॉडीचा कागद मिळाला म्हणून माझी बाजू सिद्ध झाली. त्यांच्याकडे तसा कागद नाही, एवढाच काय तो फरक. म्हणून आता कुणी ‘तुमचं वेगळं आहे हो, बाकीच्यांनी खाऊन खाऊन करून घेतलेलं असतं’ असं म्हणालं, तर मी ते तसंच जाऊ देत नाही.

संशोधन पुढे सरकतंय. टेप्लिझुमॅब हे औषध नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. प्रतिपिंडं आहेत, साखर थोडी बिघडली आहे पण मधुमेह अजून उघड झालेला नाही, अशा लोकांत ते आजार लांबवतं. ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली तिच्यात सरासरी दोनेक वर्षांनी. मधुमेह उघड झालेल्या माझ्यासारखीसाठी ते नाही. पण स्वयंप्रतिकार मंदावता येतो, हे एकदा दिसलं.

सध्या मी भांडते आहे ती माझ्या दादाशी. त्याला कित्येक वर्षं टाइप 2 आहे. तोही बारीक, त्याच्याही गोळ्या एकावर एक चढत गेलेल्या. मी गॅडची तपासणी कर म्हटलं तर म्हणतो, ‘अगं, नाव बदलून काय होणार? साखर तीच ना?’ मी त्याला सांगितलं, नाव बदललं की गोळी बदलेल. इन्शुलिन शेवटी नाही, वेळेवर मिळेल. ताप आला, उलट्या झाल्या तर साखरेबरोबर कीटोनही बघायचे हे वहिनीला माहीत असेल. थायरॉइड आणि बी12 तपासले जातील, कारण एक स्वयंप्रतिकाराचा आजार असला की दुसरा सोबत असण्याची शक्यता वाढते, आणि बी12 तर मेटफॉर्मिननंही उतरतं. आणि गॅड निगेटिव्ह आली तरी एवढ्यावर सोडायचं नाही. आयए-2 आणि झिंक ट्रान्स्पोर्टर 8 ही आणखी दोन प्रतिपिंडं आहेत, आणि सी-पेप्टाइड तर कुठल्याही प्रकारात उपयोगी पडतं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आणि काहीच नाही निघालं तर?’ तर तुला टाइप 2 च असण्याची शक्यता जास्त आहे हे कळेल, दादा, आणि ‘पथ्य पाळतोस ना’ हे मी तरी तुला विचारणार नाही. येत्या आठवड्यात तो रक्त द्यायला जाणार आहे. सी-पेप्टाइड घेतील त्याच वेळी ग्लुकोजही मोजायला सांग, साखर खाली असताना सी-पेप्टाइडही कमी दिसतं, आणि मूत्रपिंडाचा अहवाल बरोबर ने, कारण मूत्रपिंड मंदावलं असेल तर तो आकडा खोटा वर जातो, एवढं मी त्याला चिठ्ठीवर लिहून दिलंय.